धाकटीने कॉलेज निवडले त्याची हकीकत

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या वेळी “बरा आहे” म्हणालीस, पण कशाच्या मानाने ते सांगितलं नाहीस. या वेळी जिना चढताना आणि उतरताना असं वेगवेगळं कळव.

बातमी अशी, की धाकटीला दोन्ही कॉलेजांत प्रवेश मिळाला. दोन्ही छोटी, आणि दोन्हीकडे तत्त्वज्ञान, वनस्पतिशास्त्र, नाटक सगळं एकाच मुलीला शिकता येतं. (“शिकून होणार काय?” असं शेजारी विचारतात. बाबा “शहाणी” म्हणतात आणि दार लावून घेतात.) निवड शुक्रवारपर्यंत कळवायची आहे. घरात जमीन मोजणारे बाबा आणि कारखान्यांचे वजनकाटे तपासणारी मी असताना असा निर्णय मनावर सोडणं शक्यच नव्हतं. म्हणून तिघं दोन्ही कॉलेजं पाहून आलो.

फरक सापडेना. दोन्हीकडे झाडाखाली वर्ग, दोन्हीकडे ग्रंथालयात झोपलेलं मांजर, आणि दोन्हीकडे तेच वाक्य: “आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला नावानं ओळखतो.” बाबा ऐकीव गोष्ट मानत नाहीत. पहिल्या कॉलेजात त्यांनी समोरून जाणाऱ्या मुलीकडे बोट दाखवून प्राध्यापकांना विचारलं, “ही कोण?” त्यांनी नाव सांगितलं, विषय सांगितला, आणि पुस्तक कधी परत करणार म्हणून तिलाच हाक मारली. दुसऱ्या कॉलेजातही बाबा हरले. एका नोंदीवर विसंबू नये असं मी म्हटल्यावर त्यांनी एका टकल्या गृहस्थांकडे बोट केलं. ते आमच्यासारखेच पालक निघाले. पण प्राध्यापकांना त्यांचंही नाव ठाऊक होतं, कारण ते सकाळपासून व्हरांडा पावलांनी मोजत होते. बाबांना ते पाहवेना. त्यांनी खिशातला टेप काढून दिला. (दोघांची आता घट्ट मैत्री आहे.)

धाकटीने मात्र दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला: दोन गोष्टींत काहीच फरक सापडत नसेल, तर त्या दोन आहेत हे कशावरून? पहिल्या कॉलेजातल्या बाईंनी फार सुंदर उत्तर दिलं. दुसरीकडच्या सरांनी तिच्याशी तास संपेपर्यंत वाद घातला आणि शेवटी म्हणाले, “मला अजून पटलेलं नाही. तू ये, मी तोवर विचार करतो.” परतताना बसमध्ये ती एक शब्द बोलली नाही. तुला तिची बडबड माहीत आहे, तेव्हा याचा अर्थ कळेल. मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही. पण सरांना विचारात पाडणारी मुलगी आपल्या घरातली आहे, एवढी नोंद करून ठेवते.

तुझी भाची

ता. क. बाबांचा कल पहिल्या कॉलेजाकडे आहे (तिथले जिने सरळ बांधलेत म्हणे). तू त्यांची थोरली बहीण, आणि तू सुचवलेलं त्यांनी आजवर एकदाही केलेलं नाही. म्हणून कृपा करून फोन कर आणि पहिल्याच कॉलेजाचा जोरदार आग्रह धर.

आणखी एक. फोन करू नकोस. धाकटीने आत्ताच जेवताना बाबांना दुसरंच कॉलेज हवं म्हणून स्वतःच सांगून टाकलं. ते म्हणाले, “मग जा की, विचारतेस कशाला?” आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. तेव्हा ती गेली की तूच चार दिवस राहायला ये. घरातल्यांना करमणार नाही. मला धरून.