‘वाट बघ’ नावाची आज्ञा

३ ऑगस्ट

चि. खटपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू बनवलेली संगीताची संगणकभाषा आठवडाभर वापरली. कोणता स्वर, किती वेळ, किती जोरात, एवढं ओळीओळीने लिहायचं आणि यंत्र पियानो वाजवतं. भाचीचा अभिमान वाटला. तो इथे संपतो.

‘थांब ४’ लिहिलं की तुझं यंत्र चार मात्रा थांबतं आणि पाचवीला निघतं, गाणारा जिवंत असो वा नसो! मी विचारतो, गाणाऱ्याच्या श्वासाने कोणता गुन्हा केला आहे? ज्या राजवटींनी माणसाला मोजून श्वास घ्यायला लावला, त्या सगळ्या कोसळल्या. चाळीस वर्षं ग्रंथपाल होतो मी. कोसळलेल्यांचं कपाट मला तोंडपाठ आहे.

म्हणून तीन नव्या आज्ञा सुचवतो. ‘वाट बघ’: मोजणं बंद, गाणाऱ्याने श्वास घेतला की मगच पुढचा स्वर. ‘सावर’: तो शब्द विसरला तर मागच्या दोन ओळी अशा पुन्हा वाजवायच्या, की गाणं मुळात तसंच आहे असं लोकांना वाटावं. आणि ‘आठवण’: सूर सुटला तर मूळ स्वर डाव्या हाताने हळूच द्यायचा, चुकून लागल्यासारखा.

तीस तारखेला वाचनालयाचा वर्धापनदिन. मी या यंत्राबरोबर गाणार आहे. तुझ्या मातोश्रींना यातलं अक्षरही कळवू नकोस. अकरा महिने आम्ही बोललेलो नाही आणि माझं काही अडलेलं नाही.

तुझ्यावर लोभ आहेच. भाषेवर अजून नाही.
मामा

८ ऑगस्ट

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्याकडे आलेली प्रत्येक सूचना आधी परीक्षकांकडे जाते. त्यांचा कान आमच्या सगळ्या यंत्रांपेक्षा तिखट. ‘आठवण’ त्यांनी मंजूर केली. ‘सावर’ वाचून त्या खूप हसल्या. म्हणाल्या, हा माणूस दरवर्षी दुसरं कडवं विसरत असणार. ‘वाट बघ’ मात्र नामंजूर. कारण त्यांचेच शब्द सांगते: श्वास गाण्यासाठी घेतला आहे की भाषणासाठी, हे यंत्राला ओळखता येत नाही.

गेल्या वर्धापनदिनी तिसऱ्या गाण्याच्या मध्येच एक गृहस्थ यंत्राच्या संगीताविरुद्ध अठरा मिनिटं कडाडले होते. साथीला बसलेल्या त्यांच्या बहिणीचे हात तेवढा वेळ पट्ट्यांवर अधांतरी. शेवटी तिने झाकण लावलं आणि बस पकडून घर गाठलं. ते गृहस्थ तुझ्या ओळखीचे आहेत का रे?

माया असू दे, आवाज जरा कमी असू दे.
तुझी भाची

१२ ऑगस्ट

चि. खटपटीस आशीर्वाद.

अठरा ही बदनामी आहे. चौदा! आणि परीक्षकबाईंचं नाव कळव. मला त्यांच्याशी जाहीर वाद घालायचा आहे.

काल यंत्राबरोबर पूर्ण सराव केला. दुसरं कडवं विसरलो. तुझी ‘सावर’ यंत्रात अजून बसायची आहे म्हणे. यंत्र माझ्याविना पुढे गेलं, तिसरं कडवं वाजवलं, नीट शेवट केला. मी खोलीत तोंड उघडं ठेवून उभा.

बाईंना सांग, ‘वाट बघ’ शक्य आहे. तीस वर्षं मी ते माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, पाहिलं आहे.

तुझ्या आईचं मनगट हल्ली दुखतं का? सहज विचारतो.

मामा

१६ ऑगस्ट

चि. तोफखान्यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, नाइलाजाने.

परीक्षक मी. दर मंगळवारी लेकीच्या कचेरीत तीन तास बसून ऐकते. तुझं पत्र ओळखायला दुसरी ओळही लागली नाही. तिन्ही आज्ञा माझ्या हातातून उचलल्यास आणि माझं नाव कुठेही घातलं नाहीस. ग्रंथपाल ना तू?

अठराच मिनिटं. घड्याळ माझ्या समोर होतं, तुझ्या पाठीमागे. मनगट दुखतं, ते वयाने. त्या दिवशी दुखलं, ते तुझ्याने.

मीही एक आज्ञा सुचवली आहे, ‘आवर’. दोन मिनिटांत गाणं सुरू झालं नाही, तर पुढचं कडवं दोन्ही हातांनी, पूर्ण जोरात. खटपटीने ती त्याच दिवशी बसवली. पाचदा तपासली, एकदाही चुकली नाही.

आता तूच ठरव, यंत्र की मी. ‘आवर’ मला हातानेही येतं. रविवारी चार वाजता सराव आहे. दुसरं कडवं पाठ करून ये.

ताई

३१ ऑगस्ट

चि. खटपटीस आशीर्वाद.

काल कार्यक्रम झाला. दुसरं कडवं विसरलो. ताईने असं सावरलं, की पहिल्या रांगेतल्या बाईंनी त्याच जागेला टाळी दिली.

तिसऱ्या गाण्याच्या मध्ये मी थांबलो. खिशात ताईची जाहीर माफी मागणारं सहा पानी भाषण होतं. लोकांकडे वळलो, छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात तिने कडवं सुरू केलं, दोन्ही हातांनी. दोन मिनिटं सोड, दोन सेकंदही दिले नाहीत. गावं लागलं.

तेव्हा ‘वाट बघ’ ही सूचना मी सन्मानाने मागे घेतो. श्वास कशासाठी घेतला, हे ओळखणारं यंत्र नसतं. परीक्षकांचं बरोबर होतं.

ती सहा पानं ताईने नंतर मागून घेतली. न वाचता घडी घातली आणि पियानोच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. पियानो आता हलत नाही.

लोभ वाढव, मी गात राहतो.
मामा