फ्रेमखाली गेलेला हात

४ मार्च

ठमीला दिवस गेलेत! तिसरा महिना. आईने दुकानात फोन करून सांगितलं. हातात काच होती, ती आधी टेबलावर ठेवली आणि मगच "अय्या!" म्हटलं. फ्रेमवाले मालक लगेच, "मावशी होणार म्हणे! तोंड गोड करा की." केलं. समोरून केक आणून सगळ्यांना वाटला.

मावशी म्हणे! इथे तरी खरं लिहू दे – मी आजी होणार आहे. छत्तिसाव्या वर्षी. माझ्या वर्गातल्या दोघींची तर अजून लग्नं व्हायचीत.

६ मार्च

आईची ताकीद आलीच. "चेहरा सांभाळ. बहिणीला होतो तेवढाच आनंद दिसू दे." वीस वर्षं मग दुसरं काय करतेय मी?

सोळा वर्षांची होते. आईने घर बदललं, गाव बदललं, नव्या शेजाऱ्यांना सांगितलं – उशिरा झालेलं शेंडेफळ. पटलं लोकांना! बाबा जाईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. तो कोण, हे इथेही लिहिणार नाही.

११ मार्च

काच कापायला तिच्यावर हिरा ओढला की कीर्र होतं. आज परत हात थांबला. तान्ह्याचं पहिलं रडणं असंच असेल का? ठमीचं मी ऐकलंच नाही. मला झटके आले होते. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा ती आईच्या मांडीवर होती आणि आई तिला सांगत होती, "ती बघ तुझी ताई."

नंतरही माझ्याकडे द्यायची नाही. "लळा लागेल," म्हणायची. लागायचा तो लागलाच ना!

१९ एप्रिल

आईकडे गेले होते. भिंतीवर दवाखान्यातला तोच फोटो – आई, मांडीवर ठमी. कडेला माझा हातही होता, सलाइनची पट्टी लावलेला, ठमीच्या पायाकडे गेलेला. फ्रेम मीच केली, दुकानात शिकले तेव्हा. "तेवढं झाकून टाक," आई म्हणाली. फोटोभोवतीचा पुठ्ठा अर्धा इंच जास्त रुंद कापला, हात त्याखाली गेला. काम सफाईदार झालंय, मेलं!

ठमी विचारत होती, "ताई, तुला तान्ही बाळं नीट घेता येतात? मला बाई भीती वाटते." येतात म्हटलं.

२ जून

तपासणीला आम्ही तिघी. ठमीचे पाय सुजलेत, अंगठी निघत नाही. माझंही असंच सुरू झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईला बाळंतपणात काही त्रास? बीपी, झटके?" ठमीने आईकडे पाहिलं. "छे! दोन्ही वेळी सुखरूप," आई म्हणाली. फाइल मिटली.

३ जून

कडाक्याचं भांडण. आई – "गप्प बस. तिच्या सासरी कळलं तर?" म्हटलं, पोर जिवानिशी गेली तर कुठलं सासर नि कुठलं काय! खूप रडली आई. मग हळूच, "मग मी तिची कोण गं?"

वाढवली तिनेच. मीही रडले.

५ जून

सुट्टी काढून एकटीच गेले. सगळं सांगून टाकलं! डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तिला उद्याच बोलावते. फाइलवर मात्र लिहावं लागेल – आई, वय सोळा, झटके, तीन दिवस बेशुद्ध. तुमचं नाव घालत नाही."

फाइल ठमीकडेच असते. पण ती गोळ्यांच्या खोक्यावरचंही कधी वाचत नाही.

१४ जून

बीपी खरंच वाढलंय. वेळेत कळलं म्हणे. गोळ्या चालू.

ठमीचा आठवडाभर फोन नाही. मी केला तर, "बरी आहे." एवढंच. ताई म्हणाली नाही.

३० जून

आईच्या भिंतीवर फोटो नाही. म्हणे ठमी घेऊन गेली. कशाला, विचारायची हिंमत आईला झाली नाही. मलाही नाही.

२० ऑगस्ट

दवाखाना. बीपी चढलंय, आजच कळा आणणार. आई बाकावर माझा हात धरून बसलीय, सोडत नाही. आतून काहीच ऐकू येत नाही. काहीच नाही! देवा, झटके नकोत.

२१ ऑगस्ट

मुलगी! दोघी सुखरूप. दारातून रडणं ऐकलं मी. काचेसारखं मुळीच नव्हतं.

नर्सने बाळ आणलं. सवयीने आईने हात पुढे केले. कॉटवरून ठमी म्हणाली, "थांब. मीसुद्धा अजून घेतलेली नाही." मग माझ्याकडे बघून – "आधी तू घे. तुझं तेव्हा राहिलं होतं ना."

घेतली.