नमुना क्रमांक एकोणचाळीस

३ मार्च, सोमवार
परत तेच! आग, खाज, आणि तो वास. दिवसभर लॅबमध्ये स्टुलावर चुळबुळत बसले. आमची रक्त काढणारी — तिला आम्ही हसरीच म्हणतो — म्हणाली, "काय गं, स्टुलाला काटे फुटलेत का?" मी हसले. आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

येताना केमिस्टकडे. पुढे तीन पुरुष. ते जाईपर्यंत टूथपेस्ट न्याहाळत उभी राहिले. मग पुटपुटले. "त्याच गोळ्या ना, मागच्या वेळच्या?" — केवढ्याने विचारलं त्याने! ही सहावी खेप.

५ मार्च
बरं वाटतंय. गोळ्या बंद.

१० मार्च
आग पुन्हा सुरू. आणि मी कोण? बारा वर्षं प्लेटवर जंतू वाढवणारी बाई! पेशंटना फोनवर दरडावते — कोर्स पूर्ण करा हो, अर्धवट सोडू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

नवरा म्हणतो, "डॉक्टरांकडे जा ना एकदा." कुठल्या? सगळ्या लेडी डॉक्टरांचे नमुने आमच्याच लॅबमध्ये येतात. माझ्या नावाची नळी हसरीच्या हातात? नको गं बाई.

११ मार्च
केलं एकदाचं. बाथरूमची कडी लावून स्वतःच स्वॅब घेतला. आज अडतीस नमुने होते. माझा एकोणचाळिसावा. रजिस्टरमध्ये खोटं नाव, खोटं वय. अक्षरसुद्धा वाकडं काढलं.

१३ मार्च
प्लेटवर औषधांच्या चकत्या ठेवतो आम्ही. औषध लागू पडलं की चकतीभोवती जंतू मरतात, मोकळं वर्तुळ दिसतं.

माझ्या प्लेटवर वर्तुळं नाहीतच! जंतू चकत्यांना खेटून वाढलेत. मी घेत होते त्या गोळीच्या चकतीला तर चिकटूनच. फक्त एकीभोवती मोकळी जागा. ते औषध इंजेक्शनचं.

आमच्या लॅबच्या मुख्य डॉक्टर, मॅडम, कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. "अगं, एकोणचाळीस कोण? हिला आजच्या आज बोलव."
"फोन नंबर नाहीये, मॅडम."
"नंबर न घेता नमुना घेतलास? तू?"
मी प्लेटवर झाकण ठेवलं.

१४ मार्च
हसरी सकाळपासून एकेका डॉक्टरांना फोन लावतेय, एकोणचाळीस कुणाची पेशंट म्हणून. डबाही उघडला नाही तिने. "अंगावर काढत असेल गं बिचारी. कुणाला सांगत नसेल." बिचारी समोरच बसून लेबलं चिकटवत होती!

चार वाजता मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "एकोणचाळीस मी आहे."

त्यांनी चष्मा काढला. "किती वेळा घेतल्यास गोळ्या?"
"तीन."
"खरं सांग."
"सहा. दर वेळी अर्धवट."

वाटलं, गेली नोकरी. नाही गेली. डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. ती देताना म्हणाल्या, "आजाराची लाज वाटली. खोट्या नोंदीची नाही वाटली?"

चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

१७ मार्च
तिसरं इंजेक्शन. आग बरीच कमी. हसरीने चहा आणून दिला, नमुन्याबद्दल अवाक्षर नाही. मॅडमनी सांगितलं असेल का? की तिने ओळखलं? तिच्याकडे बघवत नाही.

१९ मार्च
नवऱ्याचा फोन. नणंद दवाखान्यात. सातवा महिना, कळा सुरू झाल्यात, ताप उतरत नाही, औषध लागू पडत नाही. आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, डॉक्टर विचारताहेत. ती तोंड उघडत नाही — कुणाला सांगू नकोस म्हणून मीच शपथ घातली होती. तिलाही माझ्यासारखाच त्रास होता. पाच तारखेला उरलेल्या आठ गोळ्या मी तिच्या मुठीत कोंबल्या होत्या. हे इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

सासूबाई, नवरा, तिचा नवरा — सगळे तिथे बाहेर बाकावर बसलेत. माझा रिपोर्ट पर्समध्ये घातलाय, कुठली गोळी निकामी आणि कुठलं औषध चालतं ते त्यात आहे. सगळ्यांच्या देखत सांगायचंय. निघाले.