पुढच्या रांगेचा सराव

शनिवार, ५ ऑक्टोबर
लेक यानिना आली, आईच्या हातच्या एम्पानादा, त्या खिम्याच्या करंज्या, हादडल्या आणि बातमी दिली. तिच्या बँडचा, 'गंजकी सायकल'चा, पहिला कार्यक्रम ठरला! दोन नोव्हेंबर, संध्याकाळी, आपल्याच वस्तीत, लानूसच्या क्लबात. एक गाणं पोरीनं स्वतः लिहिलंय. म्हणाली, पप्पा, पुढच्या रांगेत तू दिसला पाहिजेस मला, नाहीतर बेस गिटार वाजवताना सूर चुकतील. मी म्हटलं, पोरी, हयात गेली माझी पुढच्या रांगेत. बायको, ग्रिसेल्डा, म्हणाली, हो ना, सोफ्याच्या.
टोमण्याकडे दुर्लक्ष केलं. जुन्या रॉक मैफलींच्या जेवढ्या फिल्म निघाल्या तेवढ्या मी पाहिल्यात. कुठल्या फिल्ममध्ये कुठला कॅमेरावाला शिंकतो तेही सांगेन. प्रत्यक्ष मैफलीला गेल्याला काही वर्षं झाली, एवढंच. बरीच झाली.
संकल्प : उद्यापासून रोज एक फिल्म. उभ्यानं.

रविवार, ६ ऑक्टोबर
सरावाला दणक्यात सुरुवात. इंग्रज बँड, प्रचंड मैदान, फुल्ल आवाज. ड्रमरचा एकट्याचा तुकडा सुरू झाला तेव्हा जरा टेकलो. त्याच्या सन्मानार्थ. उरलेली फिल्म आडवं होऊन, पण पाय हलवत.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
खालच्या मजल्यावरच्या झुलेमाबाई झाडूच्या दांड्यानं छत ठोकत होत्या. चक्क ठेक्यात. रसिक बाई.
नंतर त्या वर आल्या. रसिक नाहीत. वर घोडा बांधलाय का, म्हणाल्या. माझं झुंबर हिंदकळतंय. त्यांना पोगो समजावून सांगितला. गाणं तापलं की सगळ्यांनी खांद्याला खांदा भिडवून उड्या मारायच्या, ही आपली परंपरा. उडी न मारणारा इंग्रज, म्हणजे आपला जुना शत्रू, ठरतो. बाई म्हणाल्या, ठरू दे, ते निदान गप्प बसतात.
आजचा बँड इंग्रजच होता हे त्यांना सांगितलं नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर
झेंडा केला. आपल्याकडे कुठल्याही मैफलीला वस्तीच्या नावाचा झेंडा हवाच, आणि तो चादरीचाच हवा. कपाटात तळाशी एक जुनी पांढरी चादर सापडली. लाल रंगात 'लानूस' लिहिलं. शेवटचं अक्षर मावेना, ते मागच्या बाजूला घेतलं.
संध्याकाळी कळलं, चादर जुनी नव्हे, जपून ठेवलेली. ग्रिसेल्डाच्या आईनं लग्नात दिलेली.
आज फिल्म नाही. घरात वातावरण नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर
मेव्हणा रामिरो आला. म्हणाला, एवारिस्तो, एकट्यानं उड्या मारणं म्हणजे पोगो नव्हे, धक्का द्यायला माणूस लागतं. पटलं. दोघांनी भिडून सराव केला. रामिरोचं वजन लक्षात घ्यायला हवं होतं. शोकेसची काच बदलावी लागेल.
तब्येत मात्र एकदम फिट. विशीत नव्हतो इतका.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर
(झोपून लिहितोय. अक्षर वाईट.)
आज रंगीत तालीम. शेवटच्या गाण्याला सोफ्यावरून उडी मारली. खाली व्यवस्थित आलो. वर गेलो नाही. कंबरेत अशी उसण भरली की टीव्हीतले पन्नास हजार लोक नाचतायत आणि मी गालिच्यावर उताणा! डॉक्टर म्हणाले, हलायचं नाही. कशानं झालं, विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ग्रिसेल्डानं सांगून टाकलं. डॉक्टर हसले. या पेशातही आता गांभीर्य राहिलं नाही.

शुक्रवार, १ नोव्हेंबर
यानिनाला फोन केला. उद्या येता येणार नाही म्हणालो. मग म्हणाली, ठीक आहे, पप्पा. ते 'ठीक आहे' मला बिलकुल आवडलं नाही.
पण डोकं शाबूत आहे! ग्रिसेल्डा पुढच्या रांगेत फोन धरून उभी राहणार, व्हिडिओ कॉल, आणि मी घरच्या मोठ्या टीव्हीवर बघणार. खरं तर हेच उत्तम. कोपर लागत नाही, संडास जवळ. यानिना म्हणाली, मग मी तुला क्लबच्या भिंतीवर लावते, प्रोजेक्टरनं, म्हणजे मला दिसशील. आवाजासकट. रामिरो बघेल ते.

शनिवार, २ नोव्हेंबर, संध्याकाळी
चामड्याचं जाकीट घातलंय. बटणं लागत नाहीत, पण भिंतीवर कोण बघतंय. डॉक्टरची गोळी घेतली. आणखी एक घेतली, खबरदारी म्हणून.
काय गर्दी! भिंतीवर माझा चेहरा दुमजली घराएवढा. सगळ्यांनी वळून हात केला, माझ्या नावानं 'ओले, ओले'चा जयघोष झाला. यानिनानं वर पाहिलं आणि अशी गोड हसली! पोर माझ्यावर गेलीय.
पहिली दोन गाणी कडक. आता तिचं स्वतःचं. जरा डोळे मिटून ऐकतो. जाणकार असेच ऐकतात.

रविवार, ३ नोव्हेंबर
ग्रिसेल्डा म्हणते मी घोरलो. मी म्हणतो, एकाग्र होतो. ती म्हणते, भिंतभर तोंड उघडं टाकून, क्लबच्या मोठ्या स्पीकरवर. कॉल बंद करायला रामिरो धावला, तर यानिनानंच त्याला अडवलं. राहू दे म्हणाली, आलाय ना. मग तिनं सगळ्यांना शू केलं आणि माझी झोपमोड नको म्हणून आख्खं गाणं हळू वाजवलं. कुणी उडी मारली नाही. लोक जमिनीवर बसले. ग्रिसेल्डानं सोबत नेलेल्या झुलेमाबाई रडल्या म्हणे.
गाणं कशावर होतं, विचारलं. ग्रिसेल्डा म्हणाली, तुझ्यावर, म्हाताऱ्या. शब्द विचारले तर म्हणाली, मला पाठ थोडेच आहेत.
दुपारी रामिरो व्हिडिओ घेऊन आला. शूटिंग सगळ्यांनीच केलंय, तिनं गाणं सुरू केल्यापासून संपेपर्यंत. पण सगळे फोन भिंतीकडे. टीव्हीवर लावला. आवाज पूर्ण वाढवला. मागे घेऊन पुन्हा लावला. पुन्हा लावला. माझ्या पोरीच्या गाण्यातला एकही शब्द लागत नाही. मध्ये मी घोरतोय.