बीबास म्हणजे तू राहावंस

४ मार्च
घरात दोघंच — मी आणि सून. आमच्यातला दुभाष्या म्हणजे माझा पोरगा. त्याला जाऊन पाच आठवडे झाले. तिला मराठी येत नाही, मला तिची स्पॅनिश. तो होता तोवर गरजच पडली नाही! आता मीठ हवं तरी बोट दाखवतो.

५ मार्च
तिनं फोनवर तिकीट दाखवलं. एकवीस तारीख, माहेरचं. परतीचं नाही. मी मान हलवली. नंदीबैल!

८ मार्च
स्पॅनिशचा क्लास लावला. शिकवणाऱ्या बाईंना म्हटलं, "‘तू इथं राहावंस असं मला वाटतं’, एवढंच शिकवा."
"काका, ते फार पुढच्या धड्यात आहे."
"माझ्याकडे तेरा दिवस आहेत."
बाईंनी पुस्तकाची पानं उलटली.

११ मार्च
नियम असा. घडतंय त्याचं रूप वेगळं, घडावंसं वाटतं त्याचं वेगळं. क्रियापद ‘आर’नं संपत असेल तर शेवटी ‘ए’ येतो. ‘एर’, ‘ईर’नं संपत असेल तर ‘आ’. माझं ‘बीबीर’, म्हणजे राहणं, त्यातलंच. बीबेस — तू राहतेस. बीबास — तू राहावंस. कळलं सगळं. तोंडात मात्र उलटंच येतं.
माझ्या चष्म्याच्या दुकानात तेच पुटपुटत उजवं भिंग डाव्या खोबणीत बसवलं. गिऱ्हाईक म्हणालं, "सगळं तिरकं दिसतंय हो." म्हटलं, मलाही.

१४ मार्च
बीबेस. बीबास. बीबेस. छे!

१७ मार्च
ती बॅग भरतेय. त्याचा निळा स्वेटर घडी करून आत ठेवला. दारापर्यंत गेलो, परत आलो. कोणत्या तोंडानं सांगू? तिकडे तिची आई आहे. इथं काय — दोन खोल्या नि एक म्हातारा.

१९ मार्च
म्हटलं एकदाचं! ती भांडी पुसत होती. "किएरो के बीबेस आकी." चुकलोच! ती हसली — तो गेल्यापासून पहिल्यांदा. मग हसता हसता रडायलाच लागली.
"बीबास, बीबास," मी घाईघाईनं सुधारलं.
"नो, बाबा. बीबामोस." आणि खोलीत गेली.
वही काढली. तक्त्यात चौथी ओळ: ‘आम्ही राहावं.’ आम्ही? एकटीच तर आहे पोर! की दुःखानं त्यालाही धरतेय अजून?

२० मार्च
सकाळी वही तिच्यापुढे धरली, बोट ‘आम्ही’वर. तिनं माझं बोट धरलं. आधी स्वतःकडे नेलं, मग पोटाकडे.
आजोबा होणार मी. विमान उद्या सातला.