अधिक महिन्यातली लंका

चैत्र वद्य दशमी, शके १८५६

गेला बुवा जोशी! चहा पिऊन, वर सुपारी तोंडात टाकून गेला. आला होता समुद्र ओलांडायचा दोष सांगायले. नातीले सिलोनले पाठवाल तर आल्यावर प्रायश्चित्त, पंचगव्य, बारा बामणं जेवू घालणं... बोटं मोजून राह्यला होता. मी तांदूळ निवडत होती. म्हटलं, जोशीबुवा, सिलोन म्हणजे लंकाच न? रामचंद्र तर वानरं घेऊन गेले होते. आल्यावर त्यायनं किती बामणं जेवू घातले? बुवाले असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

वासंती नागपुरात होस्टेलात राहून बी. ए. शिकते. परीक्षा झाली, आता उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा पोरी अन् त्यायच्या एक मास्तरीणबाई महिनाभर लंकेले चालल्या. देवळं, शाळा, चहाचे मळे पाहायचे अन् वहीत लिहायचं.

उत्तम तयारच होईना. माहा लेक कचेरीत कारकून आहे, घरात कलेक्टर! भीती त्याले समुद्राची नाही, खामगावच्या सोयऱ्यायची. त्यायच्या भालचंद्रासाठी वासंतीचं बोलणं चालू आहे. लंकेचं कळलं तर नाही म्हणतील. मी म्हटलं, शनिवारपासून अधिक महिना लागते. अधिकात ना मुहूर्त ना बोलणी, दारात कोण येते? महिना सरायच्या आत पोरगी घरात. उत्तमनं पंचांग काढलं, चष्मा पुसला, अन् मग असा 'हो' म्हटला जसं त्यालेच सुचलं.

मात्र हुकूम सुटला — कोणी विचारलं तर वासंती संग्रामपूरले मावशीकडे गेली म्हणायचं.

चैत्र वद्य त्रयोदशी

मलकापूर टेसनावर गेलतो. दशम्या, चटणी, कुरडया, सगळं बांधून देल्लं. कॉलेजच्या कागदावर लिहून होतं सामान कमी आणा. कागदाले काय, त्याले भूक लागत नाही.

उत्तमनं गंगाजळाचा गडू आणला, तोंड लाखेनं बंद केलेला. म्हणे, समुद्र लागला की रोज एक पळी घे, दोष धुतला जाते. वासंतीनं गुमान घेतला. गाडी हलली तशी खिडकीतून माह्या हातात परत देल्ला. मी पदराखाली घेतला अन् घरी येऊन तुळशीले घातलं. तुळशीचा काय दोष असन तो गेला!

टेसनावर माह्या कानाशी लागून म्हणे, "आजी, आल्यावर मले शेवटच्या वर्षाले बसू देतील न?"

म्हटलं, "मी मेली का?"

अधिक शुद्ध द्वितीया

काल पोरी नागपुरातून निघाल्या असतील. आज घरात दोन भाकरी करपल्या. सुनेच्या, माह्या नाही.

अधिक शुद्ध नवमी

एका पोरीसाठी तीन थापा झाल्या! सूनबाईनं शेजारच्या मंजुळाबाईले सांगतलं, मावशीकडे पापडाले मदत करायले गेली. उत्तमनं कचेरीत सांगतलं, मावशी आजारी. अन् न्हाव्याले सांगतलं की वासंतीलेच गालफुगी झाली, हवापालटाले पाठवली. आज मंजुळाबाई विचारते, काऊन हो, गालफुगीत पापड कसे लाटते पोरगी? मी म्हटलं, हातानं.

मले लय हसू येऊन राह्यलं. दिवसभर मनातल्या मनात वासंतीसंग हिंडतो. आता जहाजात, आता मळ्यात. मले तर दुसरीच्या पुस्तकात बाराव्या धड्यावरून उठवून बोहल्यावर उभं केलं होतं. तेरावा धडा काय होता, अजून माहीत नाही.

अधिक पौर्णिमा

अधिकात कोणी येत नाही म्हटलं होतं मी. आली! खामगावची अन्नपूर्णाबाई, भालचंद्राची माय. नदीवर अधिकाच्या पुण्यस्नानाले गेली होती, 'सहज' उतरली म्हणे. सहज उतरली अन् सोबत बांगड्यायसाठी सोनाराचं माप घेऊन आली.

आल्या आल्या विचारते, "पोरगी दिसत नाही ते?"

संग्रामपूर, मावशी, पापड! तिघं एका सुरात बोललो, भजनात टाळ वाजावे तसे. बाईले बरं वाटलं. म्हणे, हिंडणारी पोरगी आमच्यात चालत नाही. उत्तम म्हणे, छे छे, वासंती उंबरासुद्धा ओलांडत नाही.

मग म्हणे, "कॉलेज आता पुरे झालं. आमच्या भालचंद्राले बी. ए. बायको कायले पाहिजे?"

खरंच आहे. तो सोताच परीक्षेले दोनदा बसला अन् दोनदा उठला.

बोलणी अधिकात करायची नसते, म्हणून बोलणी झाली नाही. नुसतं ठरलं! निज वैशाख शुद्ध पंचमी. वासंती अमावास्येले येणार. म्हणजे बिस्तरा सोडायचा अन् हळदीले बसायचं. पत्रात तिले कळवू नका, उगाच तिचं डोकं फिरन, असं उत्तमनं बजावलं. पोरीचं लग्न, अन् साऱ्यायले माहीत, पोरगी सोडून.

आज हसू आलं नाही.

अधिक वद्य पंचमी

वासंतीचं पत्र आलं. मीच मोठ्यानं वाचलं, अडखळत अडखळत. बोटीत पहिली ओकारी मास्तरीणबाईले आली. तिथं तिन्ही वेळा भात. एका शाळेत गेल्या, तिथली हेडमास्तरीण बाईच, अन् लग्न न झालेली. गावातले म्हातारे तिले नमस्कार करतात म्हणे. समुद्रात पाय बुडवून घेतले. अन् शेवटी लिहिते, 'वरच्या वर्गातली एक जण तिची पुस्तकं देणार आहे, ती नागपूरवरून संगच आणते. म्हणजे बाबाले विकत घ्यावी नाही लागणार.'

सूनबाई हळकुंडं कुटत होती. तिचं मुसळ थांबलं.

मी उत्तमले म्हटलं, पोरीले एकदा विचार तरी. पंचमीचं पुढं ढकल.

तर म्हणे, "माय, शब्द देल्ला आहे, आता मी मोडू शकत नाही. त्यायनंच मोडलं तर गोष्ट वेगळी. अन् ते काऊन मोडतील?"

एवढं बोलून कचेरीत गेला. शहाणा आहे माहा लेक. कधीकधी त्याचं त्यालेच कळत नाही.

अधिक वद्य षष्ठी

अन्नपूर्णाबाईले खामगावले चार ओळी धाडल्या. पोरगी लंकेत आहे, समुद्र ओलांडून गेली, प्रायश्चित्त घेणार नाही. खाली माहं नाव.

पाकीट नाही घेतलं. उघडं कार्डच टाकलं. वाटेत ज्याले वाचायचं त्यानं वाचावं.