दारात दिलेलं पाणी

‘दारशी येल माणूसले पहिले पानी देवानं, नाव मंग इचारानं,’ असं माझी माय सांगायची. तिचा आवाज सकाळपासून कानात आहे.

ममताचे पप्पा, मी ममताला घेऊन शिरपूरला भावाकडे जातेय. भाकरी टोपल्यात आहे. कडी आतून लावा.

आमदारांच्या पाणीयोजनेतल्या घोटाळ्याची तुमची पहिली बातमी आली, तेव्हापासून एक माणूस तीनदा दारात आला. ‘वहिनी, पाणी द्या.’ मी दिलं. परवा तांब्या परत देताना हसून म्हणाला, ‘ममता साडेबाराला सुटते ना? नवीनभाऊंना सांगा, लिहिणं पुरे.’ तो तांब्या कितीही घासला, तरी तोंडाला लावता येत नाही.

मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर आज छापून आलेली दुसरी बातमी तुम्ही लिहिलीच नसती.